नवीन वर्षाची सहावी प्रार्थना

इवा, जोएल, एक जानेवारीला तुम्ही दोघांनी फोनवर पाठवलेलं चित्र मी पाहिलं. पांढरं कबुतर, निळं आभाळ आणि खाली जगाच्या शांतीसाठी चार ओळींची इंग्रजी प्रार्थना. मी उत्तर दिलं नाही. संध्याकाळी तुमच्या आईनं, माझ्या लेकीनं, फोनवर विचारलं, "मुलांनी एवढ्या प्रेमानं पाठवलं आणि तू साधं थँक्यूसुद्धा म्हणाली नाहीस?" मी म्हटलं, डोळे दुखताहेत. ते खोटं होतं. मला राग आला होता. तुमचा नव्हे, त्या चित्राचा. ज्या प्रार्थनेत कुणा माणसाचं नाव नाही, कुठल्या गावाचं नाव नाही आणि जी म्हणून झाल्यावर म्हणणाऱ्याला जागचं उठावंसुद्धा लागत नाही, ती वाचली की मला सत्तरी ओलांडल्यावरही सोळाव्या वर्षासारखा संताप येतो. त्याचं कारण फोनवर सांगून होणार नाही. तुमच्याकडे शाळेची घाई असते आणि माझं बोलणं लांबतं. म्हणून लिहून काढते. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण हे मराठीतच लिहिते आहे. तुमची आई वाचून दाखवील. त्यातली माणसं जशी बोलली तशीच मी लिहिली आहेत, ती तिनं सुधारू नयेत.

गावाचं नाव लिहीत नाही. ज्या जमीनदाराबद्दल सांगणार आहे त्याच्या घराण्याची माणसं अजून तिथं राहतात आणि मी दिसले की वाकून नमस्कार करतात. गेवराईहून गोदावरीच्या अंगाला गेलं की काळ्या रानात गाव लागतं, आणि गाव संपल्यावर, ओढ्याच्या अलीकडे, आमची वस्ती. आमच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचं नाव बदललं, देव बदलला, पण राहायची जागा बदलली नाही. गावानं आम्हाला जिथं ठेवलं होतं तिथंच ठेवलं. माझे वडील, आबा, वस्तीचे मास्तर होते. शाळेचे नव्हेत, चर्चचे. फादर पंधरा दिवसांतून एकदा फटफटीवरून यायचे. मधल्या सगळ्या दिवसांची जपमाळ, मुलांचं धर्मशिक्षण, आजाऱ्याजवळ बसणं, माणूस गेलं तर मातीच्या प्रार्थना म्हणणं, हे सगळं आबांकडे. आमच्या दोन खोल्यांपैकी एका खोलीत फादरांच्या वस्त्रांची पेटी, मेणबत्त्या आणि कुटुंबांच्या नावांची वही होती. त्या खोलीत आम्हाला मोठ्यानं बोलायची मनाई होती. दारातल्या कडुलिंबाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता. आबा तो लोखंडी सळईनं वाजवायचे, तीच आमची घंटा. पहाटे आधी मायचं जातं, मग तो रूळ, मग शेजारणींच्या भाकरी थापण्याचे आवाज, अशी सकाळ व्हायची. तुमच्या गजरापेक्षा ती बरी होती असं मी म्हणणार नाही. थंडीत उठायचा मला तेव्हाही कंटाळाच होता.

मी सिस्टरांच्या बोर्डिंगात राहून इंग्रजी शाळेत शिकत होते. वस्तीतून बोर्डिंगात गेलेली मी पहिलीच मुलगी. नाताळच्या सुट्टीला घरी आले की पहिल्या दिवशी मी फळीवरचे कप कानांच्या एका दिशेनं लावायची, लुगड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालायची. माय चुलीपाशी बसून हसायची. "आली सिस्टर! आता आमाला लायनीत उबं करंल." घरात मिशनकडून मिळणाऱ्या पिवळ्या तेलात तळलेल्या करंज्यांचा वास असायचा. माय येसराची आमटी करायची, भाजलेल्या धान्याच्या मसाल्याची, दाट आणि काळपट, तिच्यात ज्वारीची भाकरी कुस्करून खायची. शेतात हुरडा आलेला असायचा, पण तो आमच्या शेतातला नव्हे. आमच्याकडे शेत नव्हतं. तो ज्यांच्या रानात माय खुरपायला जायची त्यांच्याकडून पदरात बांधून यायचा.

त्या वर्षी घरी आले तर आत्या नव्हती. आबांची थोरली बहीण. मी लहान असताना माय रानात जायची तेव्हा मला अंगाखांद्यावर घेऊन तिनंच वाढवलं होतं. ती महिन्यापूर्वीच गेली होती आणि मला कुणी कळवलं नव्हतं.

"मला कावून सांगितलं न्हाई?" मी मायला विचारलं. घरी आलं की माझी भाषाही घरची व्हायची.

"सांगून काय करनार होतीस? उडून येनार होतीस?" माय म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "बरं झालं न्हवतीस. बघवलं नसतं तुला."

मी म्हटलं, मला कबरीवर जायचंय, फुलं घालायची आहेत. त्यावर ती करंज्यांची परात सारून माझ्याकडे वळली.

"कुठून जाशील? वाट न्हाई. मालकानं नांगरली दिवाळीच्या आदी. वरून बाबळीच्या काट्या टाकल्या. तुजे आबा गेलते इचारायला, तर म्हनला, मास्तर, मेलेल्या मानसाला कशाला लागती वाट? मग आमी वड्यातून नेली तुज्या आत्याची बाज. पानी मांड्याएवढं. लाजरसबाबाचा पाय सटकला अन् बाज कलली. निम्मी भिजली तुजी आत्या. जित्तेपनी कदी वल्ल्या लुगड्यानं बसली न्हाई ती. वल्लीच पुरली तिला."

मालक म्हणजे बापूसाहेब. आमच्या वस्तीभोवतीचं बहुतेक रान त्यांचं. चर्चची जागाही त्यांच्या वडिलांनी दिलेली, हे आम्हाला दर सणाला ऐकवलं जायचं. कबरस्तान मात्र आमचंच होतं, सरकारनं नेमून दिलेलं. तिकडे जायची वाट त्यांच्या दोन तुकड्यांमधून होती. आजोबांच्या आधीपासूनची, बैलगाडी जाईल एवढी रुंद. ती नांगरून त्यांना ज्वारीच्या दोन-चार ओळी जास्त मिळाल्या असतील. तेवढ्यासाठी माझी आत्या ओली पुरली गेली. मी आजवर पुष्कळ अन्याय वाचले, मुलांना शिकवले, त्यांवर निबंध लिहून घेतले. पण अन्याय हा शब्द कुठं दिसला की मला आधी ते ओलं लुगडं दिसतं.

आबांना मी विचारलं तेव्हा ते वह्या आवरत होते. "हळू बोल," म्हणाले. "शांततेनं सुटंल. भांडून सुटत न्हाई." आबांच्या तोंडी हा शब्द फार असायचा. वस्तीत कुणी कुणाला बोललं तर शांतता, गावात मार खाऊन आलं तर शांतता. मास्तराचं कामच वस्ती शांत ठेवणं, असं त्यांना वाटायचं आणि फादरांनाही वाटायचं. आता मी त्यांच्या त्या वेळच्या वयापेक्षा कितीतरी मोठी झाले आहे आणि मला कळतं की ते भित्रे नव्हते. साठ माणसांची भाकरी ज्याच्या रानावर अवलंबून आहे त्याच्याशी कसं बोलायचं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. कळतं, तरी राग जात नाही.

त्याच सुमारास पोपसाहेबांनी एक जानेवारी हा जगाच्या शांतीसाठी प्रार्थना करायचा दिवस ठरवला होता. आमच्याकडे ते नवंच होतं. देशाच्या सीमेवरचं युद्ध नुकतंच थांबलं होतं, चावडीवरच्या रेडिओला लोक अजून चिकटलेले असायचे. मिशनमधून जांभळ्या शाईत छापलेला कागद आला. त्यावर पाच प्रार्थना होत्या: धर्मसभेसाठी, राज्यकर्त्यांसाठी, युद्धात सापडलेल्या देशांसाठी, आजाऱ्यांसाठी, मृतांसाठी. प्रत्येक प्रार्थना वाचून झाली की लोकांनी म्हणायचं, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." वाचायचं काम माझ्याकडे आलं. आबांना मोठा अभिमान वाटला. आणि त्या अभिमानाच्या भरात त्यांनी ठरवलं की शांतीच्या दिवशी बापूसाहेबांना पाहुणे म्हणून बोलवायचं, टॉवेल-टोपी देऊन सत्कार करायचा.

"सत्कार?" माय म्हणाली. "ज्यानं नणंद भिजवली माजी, त्येला टोपी?"

"अगं, मान दिला की मानूस वाकतो. वाटंचं त्याच्या तोंडून आपोआप निघंल."

"निघालं तर मला सांगा. मी येसर करते तवर."

एक जानेवारीला सकाळी नऊच्या मिस्सेच्या उपासनेला चर्च भरलं होतं. चर्च म्हणजे मातीच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, पुढं लाकडी वेदी, खाली शेणानं सारवलेली जमीन. सगळे खाली बसलेले, बाया एका बाजूला, माणसं एका बाजूला. फक्त एक खुर्ची, वेदीच्या उजव्या हाताला. तिच्यावर बापूसाहेब, पांढरं धोतर, काळी टोपी, आणि मागं उभा त्यांचा मेहुणा. आबांनी आदल्या दिवशी ती खुर्ची दोनदा पुसली होती. मला तिच्याकडे बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. बापूसाहेब वाईट वागले नाहीत, हे मी लिहिलं पाहिजे. लोक उठले की उठायचे, बसले की बसायचे. माझी पहिली प्रार्थना झाली आणि लोक म्हणाले, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक," तेव्हा ते नुसते बघत होते. दुसरीला त्यांचे ओठ हलले. तिसरीला त्यांनी हात जोडले. चौथी-पाचवीपर्यंत त्यांचा आवाज माझ्यापर्यंत येऊ लागला, जाड आणि खणखणीत, पाहुण्यानं यजमानाचा मान राखावा तसा.

पाचवी प्रार्थना मृतांसाठी होती. "जे प्रभूच्या शांतीत विसावले आहेत..." एवढं वाचलं आणि माझे शब्द अडखळले. कोण विसावलंय? तिची बाज कलली होती. मी ती कशीबशी संपवली, लोकांनी उत्तर दिलं. आता कागद मिटून बसायचं होतं. फादर वेदीकडे वळायला लागले होते. मी कागद मिटला, पण बसले नाही. त्याच वाचायच्या सुरात, न थांबता म्हणाले:

"आपल्या गावच्या बापूसाहेबांनी आपल्या कबरस्तानाची वाट नांगरली आहे. ती त्यांनी आहे तशी मोकळी करून द्यावी, म्हणून आपण प्रभूजवळ प्रार्थना करू या."

आणि साठ माणसं एका आवाजात म्हणाली, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

आधी तोंडातून गेलं आणि मग कळलं. तुम्हाला हे नवल वाटेल, पण वर्षानुवर्षं ज्या सुरानंतर जे म्हणायचं ते माणूस म्हणतोच, अर्थ मागून येतो. आबाही म्हणाले. आणि त्या सगळ्या आवाजांत एक जाड, खणखणीत आवाज होता. हात जोडून बापूसाहेबही म्हणाले होते.

मग जी शांतता झाली तिच्याइतकी शांतता आबांना जन्मात मिळाली नव्हती. पत्र्यावर कावळ्याची नखं वाजत होती. मागं कुणीतरी बाई पदरात फसकन हसली आणि हसू खोकल्यात बुडवायला गेली. फादरांनी घाईनं पुढची मिस्सा सुरू केली. शांतीची खूण देताना सगळे शेजाऱ्याकडे वळून हात जोडतात. त्या खुर्चीकडे कुणीच वळलं नाही.

बाहेर आल्यावर आबा टॉवेल-टोपी घेऊन बापूसाहेबांच्या मागं धावले. "मालक, लेकरू हाय. माफ करा, मालक."

"लेकरू?" बापूसाहेब म्हणाले. "मास्तर, लई शिकिवलं तुमी पोरीला. देवाच्या दारात बोलवून आब्रू घेतली माजी."

तेवढ्यात मेहुण्याला राहवलं नाही. "पर दाजी, तुमीबी म्हनलात की! ऐक ऐक म्हनून हात जोडले तुमी."

"तू गप बे!"

ते टोपी न घेता गेले. आबा टॉवेल हातात घेऊन उभेच राहिले. मग फादरांनी मला वस्त्रांच्या खोलीत बोलावलं. ते दक्षिणेकडचे, मराठी पुस्तकात असते तशी बोलायचे. "प्रार्थनेत कुणाचे नाव घेऊन त्याला लज्जित करणे हे पाप आहे. तेही शांतीच्या दिवशी." मी म्हटलं, "फादर, वाट नांगरणं काय आहे?" ते उत्तर देण्याऐवजी म्हणाले की परवा वरच्या वस्तीवरून परतताना ते थांबतील. तोवर मी बापूसाहेबांना माफीचं पत्र लिहून ठेवायचं. पत्र तयार असेल तर बोर्डिंगच्या सिस्टरांसाठी त्यांची चिठ्ठीही तयार असेल. ती चिठ्ठी दर सुट्टीनंतर लागायची. चिठ्ठीशिवाय बोर्डिंग नाही, बोर्डिंगशिवाय शाळा नाही. त्यांनी हे शांतपणे सांगितलं. आजही मला सर्वांत जास्त राग त्या शांतपणाचा येतो. वाट नांगरणाऱ्याला खुर्ची आणि वाट मागणारीला माफीपत्र, आणि ह्याला नाव जगाच्या शांतीचं!

दुपारभर मी कोऱ्या कागदासमोर बसले. आबा दारात येरझाऱ्या घालत होते. शेवटी आत आले. "लिही. तुजं शिक्षण थांबलं तर मी तुज्या आत्याला काय सांगू? तिनंच म्हनलं होतं, हिला शिकवा."

"काय लिहू, आबा? कोनतं वाक्य खोटं होतं ते सांगा. तेवढ्याचीच माफी लिहिते."

ते पुन्हा दारात जाऊन येरझाऱ्या घालायला लागले. मी लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाजरसबाबा काठी टेकत आमच्या अंगणात आले. वस्तीतले सर्वांत म्हातारे, ओढ्यात पाय सटकला तेच. मागं आणखी पंधरा-वीस जण. बाबा लिंबाखाली बसले आणि म्हणाले, "मास्तर, पोरीनं नुसतं सांगितलं. प्रार्थना आमी केली. 'ऐक' कोन म्हनलं? मी म्हनलो. मग माफी मलाबी मागावी लागंल."

"अन् मला," माय आतून म्हणाली.

"मीबी म्हनले!" ती हसलेली बाई ओरडली. "मी तर जोरात म्हनले."

"तुमी, मास्तर?" लाजरसबाबांनी विचारलं. "तुमी म्हनलात का न्हाई?"

मला वाटलं, आबा आता पुन्हा शांततेचं काहीतरी बोलतील. ते आत गेले, कुटुंबांच्या नावांची वही आणि माझा तो कोरा कागद घेऊन आले आणि अंगणात मांडी घालून बसले. कागदाच्या डोक्यावर त्यांनी लिहिलं: कबरस्तानाची वाट मोकळी व्हावी ही प्रार्थना आम्ही सर्वांनी केली. खाली पहिली सही त्यांची. मग वहीतून एकेक नाव वाचायला लागले. ज्याचं नाव यायचं तो पुढं येऊन सही नाहीतर अंगठा करायचा. साठ नावं झाली. सर्वांत शेवटी आबांनी आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं: बापूसाहेब, यांनीही केली, सर्व साक्षी आहेत. मिशनची नोकरी जाण्याचं भय मी त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ पाहिलं, आणि त्या भयासकट त्यांनी शेवटचा काना दिला. माझे वडील मला पहिल्यांदा दिसले ते त्या दिवशी.

तिसऱ्या दिवशी फादर आले. आबांनी कागद त्यांच्या हातात दिला आणि हात मागं बांधून उभे राहिले. फादरांनी तो उभ्यानं वाचला, शेवटच्या ओळीपाशी आले आणि त्यांच्या नाकातून एक आवाज निघाला. हसू होतं की काय, मी शपथेवर सांगणार नाही. कागद खिशात घातला, खुर्ची मागवली, माझी चिठ्ठी लिहिली. जाताना म्हणाले, "पुढील वर्षी जे वाचायचे ते आधी मला दाखवायचे." मी हो म्हटलं नाही.

तोवर मेहुण्यानं ती गोष्ट गेवराईच्या बाजारापर्यंत पोचवली होती. बापूसाहेब दिसले की लोक लांबून विचारायचे, "मालक, ऐकली का देवानं तुमची प्रार्थना?" संक्रांतीच्या आत काट्या निघाल्या. पण वाट किती सोडली? बाज घेऊन माणसं एकामागं एक जातील एवढी, बैलगाडीची नव्हे. आणि वर गावभर सांगितलं की मालकांनी मोठ्या मनानं वस्तीला वाट दिली. पुढं त्यांच्या मुलानं चर्चच्या भिंतीवर तशी फरशीही बसवली. आमची वाट घेतली, तिच्यातली एक पट्टी परत केली आणि आभाराची फरशी आमच्याच भिंतीवर! दर वेळी ती वाचताना माझे दात आवळले जातात. वयानं माणूस मवाळ होतो म्हणतात, मला तो अनुभव नाही.

यंदा एक जानेवारीला मी तिथंच होते. म्हणून तुमच्या चित्राला उत्तर द्यायला उशीर झाला असता, राग नसता तरीही. आता छप्पर सिमेंटचं आहे, माईक आहे, निम्मी वस्ती पुण्याला गेली आहे. टीव्हीवर रोज कुठल्यातरी देशातल्या इमारती कोसळताना दिसतात. त्या देशांसाठी कागदावर प्रार्थना होती, आणि ती मी मनापासून म्हटली. लांबच्यांसाठी प्रार्थना करू नये असं मी तुम्हाला सांगत नाही. पाचवी झाल्यावर वाचणारी मुलगी थांबली. तिला कुणी शिकवलं नव्हतं, त्या वर्षापासून वाचणारे सगळेच पाचवीनंतर थांबतात म्हणून ती थांबली. बायांमधून एक तरुण सून उठली, शाळेसमोरून वाळूचे टिप्पर भरधाव कोण पळवतो त्याचं नाव घेतलं आणि तो माणूस थांबावा म्हणून प्रार्थना करू या म्हणाली. चर्चनं उत्तर दिलं. आताचे फादर तरुण आहेत, तेही म्हणाले.

वाट अजून अरुंद आहे. फरशी अजून भिंतीवर आहे. आणि दर नवीन वर्षाला पाच छापील प्रार्थनांनंतर आमच्या वस्तीत सहावी अजून म्हटली जाते, माणसाचं नाव घेऊन.